सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतलं लेझर कटिंगचं शेड: सिंगापूरच्या २९ तोफांचं मॉडेल करून घेतलं, त्याचा अनुभव

फेब्रुवारीत आमच्या ज्युनिअर कॉलेजात इतिहासाचं प्रदर्शन होतं आणि माझ्या डोक्यात दोन वर्षांपासून एकच विषय घोळत होता, सिंगापूर बेटाच्या किनाऱ्यावरच्या तोफा. लेक तिकडे नोकरीला आहे, तिच्याकडे गेले होते तेव्हा सेंटोसावरचा फोर्ट सिलोसो बघितला, लॅब्रडॉर पार्क बघितला, चांगीला जोहोर बॅटरीची, म्हणजे तोफांच्या एका ठाण्याची, जागा बघितली, तिथे आता तोफेची प्रतिकृती ठेवलीय. परत आल्यावर वर्गात शिकवायला घेतलं तर लक्षात आलं की हे फळ्यावर काढून पोरांच्या गळी उतरत नाही. सगळ्यांनी कुठेतरी एकच गोष्ट ऐकलेली असते, दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांच्या तोफा समुद्राकडे तोंड करून बसल्या आणि जपानी मागून आले, संपला विषय. ती गोष्ट अर्धवट आहे आणि ती का अर्धवट आहे हे दाखवायला मला अख्खं बेट टेबलावर हवं होतं, टेकड्यांसकट, सामुद्रधुनीसकट.

गावात दोन ठिकाणी विचारलं. एकाने फ्लेक्सवर छापून देतो म्हणून सांगितलं, म्हणजे परत सपाटच. दुसऱ्याने नकाशा हातात घेतला नाही, थर्माकोलचं करतो, १५ हजार होतील, असं उभ्या उभ्याच बोलला. मग आमच्या केमिस्ट्रीच्या मॅडमच्या मिस्टरांनी या शेडचा पत्ता दिला. बाहेर बोर्ड नाही काही नाही, टॉवेलच्या एका कारखान्याच्या मागच्या बाजूला पत्र्याचं शेड, शेजारचे लूम दिवसभर खडखडत असतात त्यामुळे आत मोठ्याने बोलावं लागतं, आणि एमडीएफ जळल्याचा वास. मुख्य काम त्यांचं नेमप्लेट, गणपतीचे मखर, लग्नातली नावांची अक्षरं वगैरे. मी नकाशे घेऊन गेले तेव्हा मशीनवर कुणाच्या तरी बंगल्याची जाळी कापणं चालू होतं.

मालक पस्तिशीचे असतील, मी दादाच म्हणते. नकाशा टेबलावर पसरल्या पसरल्या त्यांनी पहिलं काय विचारलं तर, "मॅडम, स्केल काय धरायचं?" आधीच्या दोघांनी हे विचारलंच नव्हतं. बेट युद्धाच्या काळात पूर्व-पश्चिम साधारण ४२ किलोमीटर, उत्तर-दक्षिण २३. एक सेंटीमीटरला ४०० मीटर धरलं तर लांबी १०५ सेंटीमीटर येते, वर जोहोरची, म्हणजे समोरच्या मलेशियाच्या जमिनीची, कडा दाखवायला थोडी जागा, म्हणजे साडेतीन-चार फुटांच्या टेबलावर बसतं. ठरलं तेच. मग त्यांनी मोबाईलवर हिशोब करून दाखवला की या स्केलला बेटावरची सगळ्यात उंच टेकडी, बुकित तिमाह, १६३ मीटरची, ती फक्त ४ मिलीमीटर येणार. "कुणाला दिसनार ओ मॅडम हे? मुंगी चढून गेल्यावानी वाटंल." उपाय त्यांनीच सांगितला, दर २० मीटरला ३ मिलीमीटरचा एक थर, म्हणजे उंची ६ पट वाढवून दाखवायची आणि तसं कोपऱ्यात स्पष्ट लिहायचं.

त्यांचे वडील दारापाशी खुर्ची टाकून बसलेले असतात. त्यांनी उभं आयुष्य चादरीच्या कारखान्यात डिझाइन काढण्यात घालवलंय, जेकार्डच्या मागासाठी ग्राफ पेपरवर, एकेक चौकोन म्हणजे एकेक धागा. घरात तेलुगू, पण मराठी अस्सल सोलापुरी. ते म्हणाले, "मोर काढताना बी आसंच करतो की आमी, मान जरा जाड धरायची, नाहीतर विणल्यावर मोर हाय का बगळा कळतच नाही." मी काँटूरचा, म्हणजे सारख्या उंचीच्या रेषांचा, नकाशा मोठा करून नेला होता तो त्यांनी चष्मा वर करून बघितला आणि दोन ठिकाणी रेषा एकमेकींना चिकटल्या होत्या त्या बोटाने दाखवल्या. माझ्या लक्षात आल्या नव्हत्या, आणि तशाच कापल्या असत्या तर फेबरच्या टेकडीचा उतार पार चुकला असता.

आता विषयाबद्दल थोडं लिहिते, कारण त्याशिवाय या लोकांनी काय काम केलंय ते कळणार नाही.

इंग्रजांनी १९२१ मध्ये ठरवलं की पूर्वेकडे आरमारासाठी मोठा तळ हवा आणि तो सिंगापूरला बांधायचा. जागा निवडली सेम्बावांगची, आणि ती बेटाच्या उत्तरेला आहे, जोहोरच्या सामुद्रधुनीवर, शहर आणि व्यापारी बंदर मात्र दक्षिणेला केपेल हार्बरला. म्हणजे एका बेटावर राखायच्या दोन गोष्टी आणि त्या एकमेकींकडे पाठ करून. तिथेच अख्ख्या आखणीचा पेच आहे. पोरांना हे नुसतं सांगून कळत नाही पण मॉडेलवर बोट फिरवलं की लगेच कळतं, समुद्रातून तळाकडे यायचं तर जहाजाला पूर्वेकडून चांगीला वळसा घालून सामुद्रधुनीत शिरायला लागतं, पश्चिमेकडून शिरलं तर मध्ये बेट आणि मलाया जोडणारा कॉजवे, भराव टाकून केलेला रस्ता, आडवा येतो. म्हणून जड तोफांचा मोठा जथ्था चांगीच्या बाजूला. चांगीला जोहोर बॅटरीच्या १५ इंची ३ (इंच म्हणजे नळीच्या तोंडाचा व्यास), समोर तेकोंग बेटावर ९.२ इंची ३, आणि ६ इंची तोफा चांगी, बेटिंग कुसाह, तेकोंगवर स्फिंक्स आणि पलीकडे जोहोरच्या जमिनीवर पेंगेरांग इथे दोन दोन. दक्षिणेला केपेल हार्बरसाठी ब्लाकांग माती बेटावर कॉनॉट बॅटरीच्या ९.२ इंची ३, सिलोसो, सेरापोंग, सिलिंगसिंग आणि लॅब्रडॉरला ६ इंची दोन दोन, मागे बुओना व्हिस्टाला १५ इंची २. पश्चिमेचं तोंड राखायला पासिर लाबा, फक्त २. सगळ्या मिळून २९. पूर्वेच्या चांगी फायर कमांडखाली, म्हणजे मारा ठरवणाऱ्या मुख्यालयाखाली, दक्षिणेच्या आणि पश्चिमेच्या फेबर फायर कमांडखाली.

हे एका दिवसात ठरलेलं नाही. १९२४ ते २६ इंग्रजांच्यातच जुंपली होती, हवाई दलाचे ट्रेंचर्ड म्हणायचे १५ इंची तोफा कशाला, टॉर्पेडो टाकणारी विमानं ठेवा, आरमारवाले म्हणायचे तोफच पाहिजे, तोफ जागेवर असते, विमान ऐनवेळी दुसरीकडे पाठवलं जातं. १९२७ ला गिलमन कमिशन येऊन जागा बघून गेलं, मधे सरकारं बदलली की काम थांबायचं. १९३५ ला जोहोरच्या सुलतानाने ५ लाख पौंड दिले, त्या बॅटरीला त्याच्याच राज्याचं नाव. तळाचं उद्घाटन व्हायला फेब्रुवारी १९३८ उजाडला.

आपल्याकडच्या माणसाला हे परकं वाटायचं कारण नाही. १६७९ ला महाराजांनी खांदेरीवर तटबंदी घातली तेव्हा मुंबईच्या इंग्रजांची झोप उडाली होती ती याचसाठी, बंदराच्या तोंडाशी असलेल्या बेटावर तोफ चढली की येणाऱ्या जाणाऱ्या जहाजाची नाडी हातात येते. लगेच सिद्दीने शेजारच्या उंदेरीवर ठाण मांडलं. आखणीची अक्कल तीच, फक्त पल्ला वाढला.

तर पल्ला. मी दादांना सांगितलं होतं की मला तोफा फिरणाऱ्या पाहिजेत आणि प्रत्येक तोफेला तिच्या पल्ल्याइतकी पट्टी. त्यांनी पारदर्शक ॲक्रिलिकच्या पट्ट्या कापल्या. ६ इंचीची पट्टी वितीपेक्षा जरा जास्त, २७-२८ सेंटीमीटर, साधारण ११ किलोमीटरची. १५ इंचीचा पल्ला धरला ३३ किलोमीटर, म्हणजे पट्टी ८३ सेंटीमीटर! ती बसवल्यावर टेबलाच्या बाहेर हातभर गेली, पोरं तिथेच गप्प झाली. तिचा एक गोळा जवळपास ८८० किलोचा, ६ इंचीचा ४५ किलोचा. बॅरल म्हणून ६ इंचीला सायकलच्या स्पोकचे तुकडे, ९.२ ला मोटारसायकलचे, आणि १५ इंचीला पितळी सळई, खाली ॲक्रिलिकची चकती आणि स्क्रू. हे स्पोकचं त्यांचं डोकं. तिन्ही जाडी शेजारी शेजारी ठेवली की कुठली तोफ लांब समुद्रातल्या युद्धनौकेसाठी आणि कुठली तोंडाशी आलेल्या बोटीसाठी, हे सांगायला लागत नाही.

आणि त्या पट्टीनेच माझं म्हणणं सिद्ध केलं. चांगीची लांब पट्टी उलटी फिरवली की जोहोर बाहरू तिच्याखाली येतं, तेंगाहचा विमानतळ येतो, बुकित तिमाह तर येतंच. म्हणजे तोफा वळत होत्या. खरोखरच १९४२ च्या फेब्रुवारीत जोहोर बॅटरीने आणि कॉनॉटने उलट्या दिशेला मारा केलाय. बुओना व्हिस्टाच्या दोन तोफांना तेवढं वळता येत नव्हतं, म्हणून दादांना सांगून त्या दोन चकत्यांना मागच्या बाजूला अटकाव म्हणून एक खिळा मारून घेतला, त्या तिथेच अडतात. पोरांनी स्वतः फिरवून बघितलं, एक अडते, एक अडत नाही.

मग अडलं कुठे? गोळ्यांत. साठा मुख्यतः जहाजाचं पोलाद फोडणाऱ्या गोळ्यांचा, तो पत्रा फोडून आत जाऊन फुटण्यासाठी केलेला असतो, रबराच्या मळ्यातल्या मऊ मातीत पडला की खोल घुसतो आणि मग फुटतो, आजूबाजूच्या माणसांना फारसं काही होत नाही. माणसांवर टाकायचे गोळे अगदी थोडे. आणि ८ फेब्रुवारीच्या रात्री जपानी उतरले ते सारिंबूनच्या बाजूला, वायव्येला. आमच्या मॉडेलवर चांगीची पट्टी त्या किनाऱ्याच्या जरा अलीकडेच संपते. हे मला आधी माहिती नव्हतं, पट्टी ठेवल्यावर दिसलं.

मला वाटतं तोफांनी नेमून दिलेलं काम केलं, एकही जपानी युद्धनौका बंदरावर चालून आली नाही. चुकलं ते आखणीच्या पलीकडचं. इंग्लंडहून आरमार येईपर्यंत बेटाने तग धरायचा अशी मूळ कल्पना, आधी ७० दिवस धरले होते, सप्टेंबर १९३९ पर्यंत ते १८० झाले. आणि आली ती मोजकी जहाजं, त्यातली प्रिन्स ऑफ वेल्स आणि रिपल्स ही दोन मोठी १० डिसेंबर १९४१ ला विमानांनी बुडवली. तिथले सेनापती जनरल डॉबींनी १९३७ लाच सांगून ठेवलं होतं की हल्ला उत्तरेकडून, मलायातून होऊ शकतो, त्यांच्या हाताखाली तेव्हा पर्सिव्हल होते, पुढे १५ फेब्रुवारी १९४२ ला शरणागतीवर सही करायची वेळ त्यांच्यावरच आली. या तोफांवर राबणाऱ्यांत आपले लोक होते, हाँगकाँग सिंगापूर रॉयल आर्टिलरीत शीख आणि पंजाबी मुसलमान तोफची. शरणागतीनंतर दोन दिवसांनी फॅरर पार्कच्या मैदानावर हजारो हिंदी सैनिक युद्धकैदी म्हणून गोळा केले, आझाद हिंद सेनेची सुरुवात तिथून. हे सांगताना वर्गात माझा आवाज दरवेळी जड होतो.

आता मला या शेडमधलं सगळ्यात जास्त आवडलं ते लिहिते. टेकडीवरून जहाज किती लांब आहे हे मोजायचं एक यंत्र असायचं, त्याचं तत्त्व एकदम साधं. तुम्ही समुद्रापासून किती उंचावर आहात ते पक्कं माहिती, दुर्बीण जहाजाच्या पाण्याच्या रेषेवर लावायची, दुर्बीण किती खाली झुकली तो कोन वाचायचा, अंतर मिळालं. लांबचं जहाज असेल तर कमी झुकते, जवळचं असेल तर जास्त. मी हे चहा पिता पिता नुसतं बोलले होते. पुढच्या वेळी गेले तर दादांनी एक लाकडी खांब, त्याला बिजागरीवर हलणारी नळी आणि मागे कोनमापक असं करून ठेवलेलं, खाली घरातली मोठी परात, परातीत पाणी, पाण्यात बुचाची होडी. मी विचारलं पाणी कशाला, तर वडील म्हणाले, "समुद्राचं पाणी वर-खाली होतंय की ओ, मग उंची तीच कशी ऱ्हाईल? सिद्धेश्वर तळ्याच्या पायऱ्या बगा की, पाणी उतरलं की चार पायऱ्या जास्त दिसत्यात."

बरोबर तोच मुद्दा! भरती-ओहोटी. यंत्र ६० मीटरवर आहे, जहाज ६ किलोमीटरवर, आणि पाणी अडीच मीटर उतरलंय हे धरायचं राहिलं, तर अंतरात २५० मीटरची चूक, गोळा सरळ पाण्यात. म्हणून वेळोवेळी भरतीची दुरुस्ती घ्यायला लागायची. ज्या माणसाने अख्खा जन्म सोलापुरात काढला त्याला हे न सांगता सुचलं. आम्ही तांब्याने परातीत पाणी ओतत गेलो आणि कोन कसा बदलतो ते वाचत बसलो, शेजारचे लूम बंद होऊन जेवणाची सुट्टी झाली तरी आमचं चालूच. यासाठी त्यांनी वेगळे पैसे घेतले नाहीत, मी दिले तर परत माझ्याच पर्समध्ये घातले.

तक्रारी पण आहेत, त्या लिहायलाच पाहिजेत. एक, पाच दिवस उशीर. लग्नसराई होती, आधीच्या ऑर्डरी होत्या, मान्य, पण फोनवर रोज उद्या उद्या ऐकून जीव टांगणीला लागतो, पहिल्याच दिवशी खरी तारीख सांगितली असती तर मी प्रदर्शनाचं वेळापत्रक तसं लावलं असतं. दोन, देवनागरी लेबलं. त्यांच्या सॉफ्टवेअरला युनिकोड नीट झेपत नाही, पहिल्या खेपेला जोडाक्षरं सगळी सुटी झाली, ब्लाकांग मातीचा ब वेगळा ला वेगळा, लॅब्रडॉर तर वाचताच येईना. मलयमध्ये ब्लाकांग माती या नावाचा अर्थ मृत्यूच्या मागे असा काहीतरी होतो, आताचं सेंटोसा ते हेच, एवढं सांगण्यासारखं नाव आणि तेच मोडलेलं, मला फार वाईट वाटलं. सगळी लेबलं परत कापून दिली, फुकट, पण दोन दिवस गेले. तीन, कॉजवे त्यांनी खालच्या थरातच धरून कापला होता, पक्का. मला तो काढता येणारा हवा होता कारण ३१ जानेवारी १९४२ ला माघार घेताना तो उडवला होता. ही चूक अर्धी माझी, कागदावर लिहून दिलं नव्हतं. त्यांनी तिथे करवतीने खाच पाडून वेगळा तुकडा चुंबकावर बसवला, आता तो उचलला की टक आवाज येतो आणि प्रत्येक पोराला तो एकदा तरी उचलायचाच असतो.

प्रदर्शनाला तीन दिवस गर्दी होती. एक निवृत्त सुभेदार आले होते, गाव बार्शीकडचं, तोफखान्यात नोकरी झालेली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, नुसती पासिर लाबाची पट्टी फिरवत राहिले. मग म्हणाले, इथे दोनच का, या बाजूला एवढं मोकळं का सोडलं. मी म्हटलं, काका, हाच तर प्रश्न आहे. त्यांनी खुर्ची ओढली आणि अकरावीच्या पोरांना अर्धा तास निरीक्षक म्हणजे काय, तो पुढे बसून कळवणार नसेल तर मागची तोफ आंधळी कशी, हे समजावून सांगितलं. विजापूरला सहलीत मुलुख मैदान तोफेवर हात ठेवून फोटो काढलेली ही पोरं, तोफ म्हणजे लांब लोखंड एवढंच त्यांना माहिती होतं. तोफेमागे टेकडी, दुर्बीण, टेलिफोन, भरतीचं कोष्टक, गोळ्याचा प्रकार एवढं सगळं लागतं हे त्या टेबलापाशी उभं राहून कळलं त्यांना.

खर्च सांगते, मॉडेल, तोफा, पट्ट्या सगळं मिळून ९,२०० रुपये, निम्मे ॲडव्हान्स. थर्माकोलच्या १५ हजारांपुढे हे काहीच नाही. पक्कं बिल मागितलं की मिळतं, कॉलेजला लागतंच. जाताना फोन करून जा, दुपारी लाईट गेली की मशीन बंद असतं आणि मग ते डिलिव्हरीला बाहेर पडतात. फाईल नसली तरी चालते, कागदावरचा नकाशा स्कॅन करून स्वतः रेषा काढतात, पण लेबलं मात्र घरून इमेज करून न्या, टाईप करून देऊ नका. रिक्षातून आणणार असाल तर निळं ॲक्रिलिक उन्हाच्या बाजूला येऊ देऊ नका, आमचं एका कडेला किंचित वाकलंय. पाचपैकी मी साडेचार देते, अर्धा उशिराचा कापला.

मॉडेल आता इतिहासाच्या खोलीत खिडकीपाशी आहे. जोहोर बॅटरीची मधली तोफ फिरवून फिरवून ढिली झालीय, दादांना कळवलं तर शनिवारी स्क्रू घेऊन येतो म्हणालेत, वडिलांना पण आणणार आहेत, त्यांनी ते अजून टेबलावर लावलेलं बघितलेलं नाही.